फुल्ल रेंज, नो कॉल!

घरात रेंज नाही म्हणून थेट अमेरिकेहून सिग्नल बूस्टर आला. दिवा लागला, स्क्रीनवर काड्या उगवल्या, फोन मात्र काही केल्या लागेना! चौदाव्या मजल्यावरच्या एका ‘नॉट रीचेबल’ फ्लॅटची ही सत्यकथा...

स्थळ : बालेवाडी. मजला : चौदावा. वेळ : रात्रीचे पावणेअकरा.

मी बाल्कनीत. अर्धी कठड्याच्या आत, अर्धी बाहेर. एका हातात फोन, दुसरा हात कानावर. ‘हॅलो आई... हॅलो... आता येतंय का ऐकू? आता? थांब, मी जरा डावीकडे सरकते...’ खाली गेटवरचा वॉचमन टॉर्च मारून वर बघतोय. त्याला वाटतंय, मॅडमना काहीतरी टेन्शन आहे. टेन्शन आहेच, पण वेगळं. मॅडमना रेंज नाहीये!

हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात अशी एखादी ‘रेंजची जागा’ असेलच. कुणाची किचनच्या खिडकीत, कुणाची जिन्यात, कुणाची चक्क बाथरूममध्ये. लाखो रुपयांचा फ्लॅट, वीस वर्षांचा ईएमआय, क्लब हाऊस, जिम, स्विमिंग पूल... आणि फोनवर बोलायला मात्र बाल्कनीत एका पायावर उभं राहायचं.

मीही हे सगळं दीड वर्ष हसण्यावारी नेलं होतं. कारण खरं सांगायचं तर माझं काही अडत नव्हतं. घरात वाय-फाय आहे. मेल येतात, व्हॉट्सअॅप चालतं, व्हिडिओ मीटिंग होतात, जेवण मागवता येतं. मग साध्या कॉलचं एवढं काय?

ते काय, ते यंदाच्या फेब्रुवारीत कळलं.

सहा मिस्ड कॉल

आई वाईला एकटी असते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. स्मार्टफोन दोनदा घेऊन दिला, दोन्ही वेळा तो कपाटात साड्यांच्या घडीत जाऊन झोपला. ‘मला लावायचा आणि उचलायचा फोन हवा, त्यात गाणी कशाला?’ हे तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्यात व्हॉट्सअॅप वगैरे भानगड नाही. नंबर फिरवायचा आणि बोलायचं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री दोन वाजता तिचं बीपी वाढलं. घाबरी झाली. तिनं मला फोन लावला. एकदा नाही, सहा वेळा. मी त्या वेळी जागीच होते, लॅपटॉपवर प्रेझेंटेशन करत. फोन माझ्या शेजारी उशीवर पडलेला. तो वाजलाच नाही. तिला सहाही वेळा तेच ऐकू आलं, की मी कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

शेवटी शेजारच्या काकूंनी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. गोळी दिली, दोन तास झोपवून ठेवलं, घरी सोडलं. मला हे कधी कळलं? सकाळी साडेनऊला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड येऊन पडले तेव्हा.

‘काही झालं नाही गं,’ आई म्हणाली. ‘तुला लागतच नाही ना फोन, मग म्हटलं कशाला उगाच.’

‘लागतच नाही ना फोन.’ तिनं ते इतक्या सहज म्हटलं, जसं काही पुण्यात राहणाऱ्या मुलीला फोन न लागणं ही जगाची रीतच आहे. ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. रात्रभर ‘ऑनलाइन’ असलेली मी, माझ्या आईसाठी मात्र ‘नॉट रीचेबल’!

दादाची आयडिया

मग सुरू झाली मोहीम. कस्टमर केअरला फोन केला (बाल्कनीतूनच, अर्थात). ‘मॅडम, फोन रिस्टार्ट करून बघा.’ केला. ‘मॅडम, सिम काढून परत घाला.’ घातलं. ‘मॅडम, तुमच्या भागात कव्हरेज उत्तम दाखवतंय.’ भागात असेल हो, माझ्या बेडरूमचं काय?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. कळलं, की दोन वर्षांपूर्वी एक कंपनी गच्चीवर अँटेना लावायला तयार होती. सभासदांनी एकमतानं हाकलून लावलं. कारण? ‘रेडिएशन!’ तेच सभासद आता लॉबीत उभं राहून ‘हॅलो, हॅलो’ करतात. असो.

आणि मग दादाचा फोन आला. न्यू जर्सीहून. व्हॉट्सअॅपवर, म्हणजे लागला.

‘अगं, आमच्या बेसमेंटमध्ये पण सेम प्रॉब्लेम होता. बूस्टर लावला, विषय संपला. आता आम्ही घर बदललं, तो नुसता पडून आहे. तुझी वहिनी येतेय ना पुढच्या आठवड्यात, तिच्याबरोबर पाठवतो.’

वहिनीच्या बॅगेतून बदाम, चॉकलेट्स आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या मधोमध तो आला. एक पत्र्याचा डबा, वहीएवढा. एक बाहेर लावायचा अँटेना, एक आत लावायचा, आणि गुंडाळी केलेली जाड केबल. दिसायला अगदी साधा. कामही ऐकायला साधंच. बाहेरच्या अँटेनानं टॉवरचा सिग्नल पकडायचा, डब्यानं तो मोठा करायचा, आतल्या अँटेनानं तो घरात सोडायचा. आणि उलट दिशेनंही तेच. तुमच्या फोनचा आवाज आतून घ्यायचा, मोठा करायचा आणि टॉवरकडे पाठवायचा.

हे ‘उलट दिशेनंही’ नीट लक्षात ठेवा. पुढे सगळी गंमत तिथेच आहे.

लाल दिव्याचं कोडं

रविवारी सकाळी मी कामाला लागले. बाहेरचा अँटेना बाल्कनीच्या कठड्याला बांधला, आतला हॉलमध्ये टीव्हीच्या वर ठेवला, प्लगला अॅडॉप्टर लावून बटण दाबलं. हिरवा दिवा! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात तो लाल झाला. बंद केलं, चालू केलं. हिरवा... लाल.

दादाला व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची मध्यरात्र.

‘दोन अँटेनांमध्ये अंतर किती आहे?’

‘असेल दहा फूट.’

‘मग तो कोकलणारच! अगं, गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरच्या समोर धरल्यावर काय होतं?’

कुंईंईं! आठवलं ना? माईकमधला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर पडतो, आणि सगळा मांडव कानावर हात ठेवतो. बूस्टरचंही डिट्टो तसंच. आतल्या अँटेनानं सोडलेला सिग्नल बाहेरच्या अँटेनाला ‘ऐकू’ आला, की तो स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा मोठा करत बसतो. आणि हे मोठं करणं म्हणजे किती? ६५ डेसिबलचा बूस्टर सिग्नलची ताकद सुमारे तीस लाख पट करतो. त्यामुळे बऱ्या दर्जाचे बूस्टर अशा वेळी स्वतःच आवाज कमी करतात किंवा सरळ बंद पडतात. लाल दिवा म्हणजे डबा बिघडलेला नसतो, तो शहाणा असतो!

उपाय एकच. दोघांना एकमेकांपासून लांब करायचं आणि तोंडं विरुद्ध दिशांना फिरवायची. मी आतला अँटेना आतल्या बेडरूममध्ये नेला, मध्ये भिंत आली. बाहेरचा बाल्कनीच्या पार टोकाला, इमारतीकडे पाठ करून. केबल सोफ्याखालून, दाराच्या फटीतून, शू रॅकच्या मागून. घराला सलाईन लावल्यासारखं दिसत होतं. पण दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला!

दादानं आणखी एक गोष्ट शिकवली, ती तुम्हालाही सांगते. स्क्रीनवरच्या काड्यांवर फार विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा फोनच्या आत असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये, सिम स्टेटसखाली तो सापडतो. आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पलीकडे गेला तर कठीण. आणि दहा आकड्यांचा फरक म्हणजे ताकद थेट दहा पट कमी किंवा जास्त.

माझ्या बाल्कनीत उणे ९८ होतं. हॉलमध्ये उणे ११६. बेडरूममध्ये फोननं हात वर केलेले. आणि बूस्टर लावल्यावर त्याच बेडरूममध्ये... उणे ८४! फुल्ल काड्या! मी कॉटवर बसकण मारली आणि ऐटीत आईचा नंबर लावला.

शांतता. टूं टूं टूं. कॉल फेल्ड.

पुन्हा लावला. कॉल फेल्ड. बाल्कनीत जाऊन लावला तर लागला, आणि आई म्हणाली, ‘वारा फार आहे का गं तिकडे?’

त्यानंतरचे दोन दिवस मी काय काय केलं, ते विचारू नका. फोन रिस्टार्ट. बूस्टर रिस्टार्ट. एअरप्लेन मोड चालू-बंद. सिम काढून पुसून परत. शेवटी चिडून फोनची सगळी नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केली. त्यानं एवढंच झालं, की घरचे, ऑफिसचे, जिमचे सगळे वाय-फाय पासवर्ड उडाले. काड्या फुल्ल, कॉल गुल!

‘हा उजवीकडून चालतोय गं!’

मंगळवारी संध्याकाळी मी हत्यारं टाकली आणि कॉलेजमधल्या एका मित्राला बोलावलं. तो मोबाइल नेटवर्कच्याच धंद्यात आहे. गावोगाव हिंडून रेंज मोजणं हे त्याचं काम. मिसळीच्या बोलीवर आला. डबा उलटा केला, मागचं लेबल वाचलं आणि खो खो हसत सुटला.

‘हा अमेरिकन आहे गं. हा रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतोय!’

त्यानं कागद घेतला आणि समजावलं. मोबाइलचा सिग्नल म्हणजे हायवे समजा. त्यात दोन लेन. एक टॉवरकडून फोनकडे येणारी, दुसरी फोनकडून टॉवरकडे जाणारी. कुठली लेन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, हे देशादेशांत वेगळं. आपल्याकडे ४जीसाठी प्रामुख्यानं ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरतात. अमेरिकेतल्या घरगुती बूस्टरमध्ये बहुतेक करून ७००, ८५०, १९०० आणि १७००-२१०० अशी जोडी असते. यातला ८५० चा पट्टाच काय तो दोन्हीकडे सारखा. आणि माझा फोन त्या घरात नेमका आपल्याकडच्या २१०० वर होता.

‘मग काड्या कशा आल्या?’ मी वैतागून विचारलं.

‘तीच तर मजा आहे. २१०० वर टॉवरकडून येणारी लेन २११० मेगाहर्ट्झपासून सुरू होते, इथेही आणि अमेरिकेतही. त्यामुळे ती लेन हा डबा झकास मोठी करतो. फोनला टॉवरचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं, काड्या फुल्ल. पण तुझ्या फोनचं उत्तर जातं १९२० ते १९८० वर. आणि अमेरिकेत १९३० ते १९९० ही टॉवरकडून फोनकडे येणारी लेन आहे! म्हणजे तू बोलतेयस आतून बाहेर आणि हा त्या लेनमध्ये वाहतूक सोडतोय बाहेरून आत. भर एक्स्प्रेसवेवर राँग साइड!’

थोडक्यात काय, तर टॉवर माझ्या कानात ओरडत होता आणि माझं उत्तर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. वर आणखी एक गंमत. सिग्नल जोरदार दिसला की फोनला वाटतं टॉवर जवळच आहे, म्हणून तो सुरुवातीला हळू आवाजात बोलतो. म्हणजे बूस्टरमुळे माझा फोन उलट कुजबुजायला लागला होता!

मला एकदम आईची आठवण आली. तिला वाटायचं मी आहे. मला वाटायचं मी आहे. दोघींच्या स्क्रीनवर सगळं ठीक. मधली एक लेन बंद.

ग्रुपवरचा मेसेज

मी म्हटलं, ‘मग इथला बूस्टर मिळेल ना? ऑनलाइन बघितलेत मी.’

मित्राचं हसू थांबलं. ‘आधी हा बंद कर. आत्ताच्या आत्ता.’

आपल्या देशात असा बूस्टर किंवा रिपीटर स्वतःच्या मनानं विकत घेणं, विकणं आणि लावणं, तिन्ही बेकायदा आहे. तो फक्त परवानाधारक मोबाइल कंपन्याच लावू शकतात. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या काळापासून परवान्याशिवाय रेडिओ उपकरण बाळगायला मनाई आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानंही ही परवान्याची अट कायम ठेवली आहे. दूरसंचार खात्यानं २०२२ मध्ये तर जॅमर आणि बूस्टरबद्दल जाहीर इशाराच दिला होता आणि ऑनलाइन दुकानांनाही ताकीद दिली होती. मला हे माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. तरीही सांगते, मला खरंच माहीत नव्हतं.

‘पण माझ्या घरात मी डबा लावला तर कुणाचं काय जातं?’ मी थोडी फणकाऱ्यानंच विचारलं.

‘तुझ्या घरातला डबा तुझ्या घरात थांबत नाही ना. तो तुझ्या फोनबरोबर नुसता खरखराटही टॉवरकडे फेकतो. एका टॉवरवर शेकडो लोक. एकानं खोलीत मिक्सर लावला की सगळ्यांनाच एकमेकांचं ऐकू येईनासं होतं.’

त्यानं असं म्हटलं आणि मला सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवला. रविवार दुपारपासून तिथे मेसेज येत होते. ‘आज कुणाचे कॉल कट होतायत का?’ ‘हो, आमचेही.’ नवव्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं होतं, ‘ही डायलिसिस सेंटरला गेली आहे, तिचा फोन मध्येच तुटतोय. कुणाला काही माहिती आहे का?’

मी तो मेसेज वाचला होता. आणि त्याखाली काळजीचा इमोजीसुद्धा टाकला होता.

माझ्याच डब्यामुळे झालं का ते? मित्र म्हणाला, सांगता येत नाही, मोजल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. असेलही, नसेलही. पण माझ्या आईचा फोन लागावा म्हणून मी कुणाच्या तरी घरच्या माणसाचा फोन तोडत असेन, या नुसत्या शक्यतेनंच मला कसंतरी झालं. मी उठले आणि प्लग काढला.

आणि हो, अमेरिकेतही सगळं मोकळं रान नाही बरं का. तिथल्या एफसीसीनं २०१३ मध्ये नियम केले. मान्यताप्राप्त बूस्टरच घ्यायचा, आणि चालू करण्याआधी आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद करायची. रात्री दादाला विचारलं, ‘तू केली होतीस नोंद?’ तिकडे बराच वेळ शांतता. रेंजचा प्रॉब्लेम नव्हता!

उत्तर टीव्हीखाली होतं

‘मग मी काय करू?’ मी जवळजवळ रडकुंडीला आले होते. ‘आईला स्मार्टफोन वापरायला लावू? घर बदलू?’

मित्रानं मिसळीचा शेवटचा घास संपवला आणि टीव्हीखाली लुकलुकणाऱ्या राउटरकडे बोट केलं. ‘हे काय आहे?’

‘वाय-फाय.’

‘त्याच्यावरून साधा कॉल घे की!’

वाय-फाय कॉलिंग! नाव ऐकलं होतं, पण मला वाटायचं ते म्हणजे व्हॉट्सअॅप कॉलच. तसं नाही. यात तुमचा नेहमीचाच नंबर, नेहमीचाच डायलर. फक्त आवाज टॉवरऐवजी घरच्या ब्रॉडबँडवरून तुमच्या मोबाइल कंपनीपर्यंत जातो. समोरच्याला काहीही करावं लागत नाही. त्याच्याकडे वाय-फाय नको, स्मार्टफोन नको, अॅप नको. आईच्या बटणांच्या फोनवरूनही कॉल लागणार! आपल्याकडे एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. म्हणजे मी हा फ्लॅट घेतला, त्याच्या आधीपासून ती माझ्या खिशात होती. बटण तेवढं बंद होतं.

ते बटणही सरळ चालू झालं असतं, तर मग काय हवं होतं! सेटिंग्जमध्ये गेलो तर ‘वाय-फाय कॉलिंग’ करड्या रंगात, दाबलं तरी हलेना. का? तर मी केलेल्या त्या महान रिसेटमध्ये ४जी कॉलिंगचं बटण बंद झालं होतं. माझ्या फोनमध्ये ते चालू असल्याशिवाय हे उठत नाही. ते चालू केलं. आता बटण दाबलं गेलं, पण कंपनीच्या नावाशेजारी ‘वाय-फाय’ काही उगवेना. राउटर बंद-चालू केला. नाही. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. नाही. शेवटी मित्राचं लक्ष वर कोपऱ्यातल्या छोट्या किल्लीच्या चिन्हाकडे गेलं. ऑफिसचं व्हीपीएन! सगळा ट्रॅफिक आधी ऑफिसच्या सर्व्हरकडे, आणि तो काही मोबाइल कंपनीच्या दाराशी जाऊ देत नव्हता. व्हीपीएन बंद केलं. दहा सेकंद... आणि कंपनीच्या नावापुढे अलगद उमटलं, ‘वाय-फाय’.

खात्री करायला मित्रानं एअरप्लेन मोड चालू केला, म्हणजे टॉवरशी काडीमोड, आणि त्यात फक्त वाय-फाय सुरू ठेवलं. ‘लाव आता आईला.’

बेडरूममध्ये, दार लावून, कॉटवर मांडी घालून मी नंबर लावला. दोन रिंग.

‘बोल गं,’ आई म्हणाली. मग क्षणभर थांबून म्हणाली, ‘आज बाल्कनीत नाहीस वाटतं? वारा ऐकू येत नाहीये.’

मला काय बोलावं तेच सुचेना. ‘नाही, घरातच आहे,’ एवढंच म्हटलं.

चांगली चाळीस मिनिटं बोललो आम्ही. आंब्याचा मोहोर, काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण, बीपीची नवी गोळी. मध्येच ती म्हणाली, ‘त्या रात्री फार घाबरले होते गं मी.’ इतके दिवस बोलली नव्हती. बहुतेक बाल्कनीतल्या ‘हॅलो, हॅलो’त अशी वाक्यं बसतच नाहीत.

हे रामबाण औषध आहे का? नाही. लाइट गेली की राउटर जातो, आणि राउटर गेला की पुन्हा मी आणि माझी बाल्कनी. म्हणून राउटरसाठी एक छोटा यूपीएस आणला. आणि काँक्रीट काही विरघळत नाही. मित्र सांगत होता, की आमच्यासारख्या नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात, सळयांसकट ओतीव काँक्रीटच्या असतात. उन्हाला अडवणाऱ्या काचांवर धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नललाही अडवतो. आणि टॉवरवरचे अँटेना खाली रस्त्याकडे झुकवलेले असतात, चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे नव्हे. त्यामुळे खरा उपाय इमारतीचाच आहे. मोबाइल कंपनीकडून अधिकृतपणे इमारतीच्या आत अँटेनांचं जाळं बसवून घेणं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तो विषय पुन्हा काढला. ‘रेडिएशन’ असं कुणीतरी म्हटलंच. मी तयारीनं गेले होते. भारतात टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे, हे सांगितलं. आणि मग नवव्या मजल्यावरचे काका उठून उभे राहिले. म्हणाले, ‘मला बाकी कळत नाही. ही सेंटरवरून फोन करते, तो मला घरात लागला पाहिजे.’ सभा गप्प झाली. कंपन्यांना पत्र पाठवायचा ठराव पास झाला. बघू या!

मीटिंगनंतर लिफ्टमध्ये मी काकांना त्यांच्या फोनमधलं वाय-फाय कॉलिंग चालू करून दिलं. डब्याचंही सांगून टाकलं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘आईसाठीच ना?’ चौदावा मजला केव्हाच मागे पडला होता. आम्ही दोघंही गच्चीपर्यंत जाऊन खाली आलो.

बूस्टर वहिनीच्या बॅगेतून परत गेला. यावेळी चकली आणि भाजणीच्या मधोमध.

चौकट : घरात रेंज नाही? हे करून बघा

- आधी आकडा बघा. घरातल्या प्रत्येक खोलीत सिग्नलचा उणे आकडा लिहून घ्या. तक्रार करताना ‘रेंज नाही’पेक्षा ‘बेडरूममध्ये उणे ११८’ जास्त परिणाम करतं.

- वाय-फाय कॉलिंग चालू करा. आधी ४जी कॉलिंग चालू आहे ना ते बघा, व्हीपीएन बंद करा, राउटर रिस्टार्ट करा. फोन आणि कंपनी दोघांचीही सोय हवी. एअरप्लेन मोडमध्ये फक्त वाय-फाय लावून कॉल करून खात्री करा.

- राउटरला बॅकअप द्या. लाइट गेल्यावरच नेमका महत्त्वाचा फोन येतो, हा निसर्गनियम आहे.

- कंपनी बदलण्याआधी पाहुण्यांना कामाला लावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन येणाऱ्या मित्रमंडळींना बेडरूममधून एकेक कॉल करायला लावा. मगच नंबर पोर्ट करा.

- लेखी तक्रार करा. १९८ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. आसपास टॉवर कुठे आहेत, ते दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर दिसतं.

- घर घेताना फोन बाहेर काढा. सँपल फ्लॅटमध्ये नळ सोडून बघता ना, तसा कॉलही लावून बघा. इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग देण्याचे नियम ट्रायनं २०२४ मध्ये केले आहेत. बिल्डरला त्याबद्दल बेधडक विचारा.

- बूस्टर? कुणी फुकट दिला तरी नको. अमेरिकेच्या दादानं दिला तरीही!